माझ्या जागेवरचा नारळ

मित्रांनो, मी एक जुना खुंटा आहे. हसलात ना? हसा बापडे. खुंट्याला कसले आले आयुष्य, असेच तुम्हाला वाटले असणार. पण मी काही गाय बांधायचा खुंटा नव्हे. मी सरकारी मोजणीचा खुंटा आहे आणि तोही ग्रीनहार्टच्या लाकडाचा. आमच्या गयानात या लाकडाचे बोटींचे धक्के बांधतात. वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात उभे राहूनही ते कुजत नाही. वाळवी तर माझ्याकडे बघून तोंड फिरवते.

माझा जन्म एसेक्विबो नदीकाठच्या रानातला. तिथून मी लाकडाच्या वखारीत आलो, करवतीखाली चौकोनी झालो आणि शहरात गृहनिर्माण महामंडळाच्या आवारात येऊन पडलो. महामंडळाचे काम म्हणजे ओसाड जमीन घ्यायची, तिच्यात पाण्याचे चर खणायचे, रस्ते आणि नळ आणायचे आणि बिनघराच्या लोकांना प्लॉट वाटायचे. हे सगळे सरकारच्या पैशावर. दरवर्षी बजेटात सरकार महामंडळाच्या पानात काय वाढते, त्यावर आम्हा खुंट्यांचे नशीब ठरते. पान भरले की आम्हाला ठोकायला नेतात. पान रिकामे राहिले की आम्ही आवारात पडून असतो आणि पहारेकरी आमच्यावर बसून जेवतो.

एका वर्षी पान भरले. मिस्टर ऑस्वल्ड नावाचे ढेरपोटे मोजणीदार आले आणि मला किनाऱ्यामागच्या एका जुन्या उसाच्या मळ्यात घेऊन गेले. ऊस केव्हाच गेला होता, गवत उरले होते. इथली जमीन समुद्राच्या पातळीच्याही खाली. म्हणून मळ्याच्या टोकाला पाणी सोडायचे मोठे लाकडी दार असते, त्याला आम्ही कोकर म्हणतो. त्या कोकरच्या कट्ट्यावर मोजणीची एक खूण होती. दुसरी खूण मला व्हायचे होते. कोकरपासून माझ्यापर्यंत सरळ रेघ, ती मोठ्या रस्त्याची कड आणि त्या रेघेवरून बाकी सगळे प्लॉट.

मिस्टर ऑस्वल्डनी खड्डा खणायला लावला. ऊन मी म्हणत होते. त्यांनी आपल्या माणसांबरोबर रमची बाटली संपवली, रिकामी बाटली फोडली आणि तिचे तुकडे खड्ड्याच्या तळाशी टाकले.

"हे कशाला, साहेब?" कुणीतरी विचारले.

"लाकूड चोरीला जाईल, लाकूड जळेल. काच कोण खाणार? उद्या खुंटा गेला तरी जागा सापडली पाहिजे."

मग मला ठोकले, माझ्या अंगावर नंबर कोरला आणि कोकरवरून दिसावे म्हणून माझ्याशी तारेने एक उंच बांबू बांधून त्याला लाल फडके लावले. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. "इथून हलायचं नाही हं," ते म्हणाले.

ते थट्टेत म्हणाले असतील. मी मात्र ते मनावर घेतले. खुंट्याची अब्रू ती काय? जागा सोडायची नाही, एवढीच.

त्या वर्षी मोजणीचे पैसे आले होते. रस्त्याचे, चरांचे आणि नळांचे पुढच्या वर्षी यायचे होते. पुढच्या वर्षी समुद्राची भिंत फुटली. पैसे भिंतीकडे गेले. आता समुद्रापुढे कोण काय बोलणार? भिंत आधी आणि घरे नंतर, हे मलाही पटले. वस्तीचे नाव महामंडळाने आधीच पेशन्स ठेवले होते, म्हणजे धीर. नाव ठेवणाऱ्याला पुढचे दिसत असावे.

ज्यांना प्लॉट मिळाले होते त्यांना सांगितले गेले की थांबा. काही थांबले, काही आपले आपण येऊन राहिले. पहिला आला कथबर्ट. साखर कारखान्यात रस उकळायच्या कामावरून निवृत्त झालेला, उंचापुरा, काळाभोर, हसरा माणूस. बायको वारलेली, मुले परदेशी. त्याने पत्रे आणले, फळ्या आणल्या आणि एक रेडिओ आणला. प्लॉटचे लहान खुंटे बघून त्याने घर अगदी नीट बसवले. आणि पावसात लाकडे ओली झाली तेव्हा तेच खुंटे उपटून चुलीत घातले. बाकीच्यांनीही तेच केले. ते खुंटे माझ्यासारखे नव्हते, साध्या लाकडाचे होते. पण जळताना बघवले नाहीत.

मग धनराजी आली. साठीला टेकलेली, ठेंगणी, तुरुतुरु चालणारी बाई. सोबत पोटुशी मुलगी रुक्मिन. जावई दूर रानात सोन्याच्या खाणीवर. धनराजीचा प्लॉट कथबर्टच्या शेजारचा, नेमका माझ्या कोपऱ्याचा. तिने गवतातून वर बघितले, तिला लाल फडके दिसले आणि ती जागीच थांबली.

मित्रांनो, तुम्हाला सांगायला हवे. आमच्याकडे हिंदूंच्या अंगणात पूजा झाली की बांबूला झेंडा लावून रोवतात. त्याला झंडी म्हणतात. हनुमानाची झंडी लाल असते.

"रुक्मिन, बघ गं! हनुमानजी आपल्या आधी येऊन बसलेत!" धनराजीने हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याकडे बघून आजवर कुणी रडले नव्हते, त्यामुळे मला काय करावे ते कळेना.

इतक्यात एक कुत्रे आले आणि त्याने माझ्यापाशी जे करायचे ते केले. धनराजी ओरडली. रस्त्याच्या कडेला, कुत्र्या-गुरांच्या वाटेत देवाची झंडी? तिने त्याच दिवशी ठरवले की मला आत, पायऱ्यांजवळ, सूर्य उगवतो त्या बाजूला न्यायचे. तिने मला अंघोळ घातली, नंबरावरून शेंदूर फासला, फूल वाहिले, माझी क्षमा मागितली आणि उपटायला कथबर्टला बोलावले.

"शेजारीणबाई, ही झंडी फार खोल गेलीय हो," तो घामाघूम होऊन म्हणाला.

"श्रद्धेने रोवलेली आहे. खोल असणारच. जोर लावा, कारखान्यात काय नुसता रस पीत होतात?"

मी धरून ठेवले होते. खरेच सांगतो, जिवाच्या आकांताने धरून ठेवले होते. पण कथबर्टच्या खांद्यांपुढे माझे काय चालणार? मी बांबूसकट निघालो आणि अंगणाच्या आतल्या बाजूला पायऱ्यांपाशी उभा राहिलो. त्या दिवसापासून मला रोज पाणी, झेंडूचे फूल आणि संध्याकाळी दिवा मिळू लागला. दरवर्षी पंडित येऊन नवे लाल कापड बांधू लागले. ज्या एका गोष्टीत मी चुकलो होतो, तिच्याबद्दलच मला हार घालत होते. मला लाजेने खाली बघावेसे वाटे, पण खुंट्याला मान वळवता येत नाही.

माझा खड्डा तसाच उघडा होता. त्याच महिन्यात रुक्मिनला मुलगी झाली. तिचे नाव चांदनी. बाळाची नाळ पडली, तेव्हा धनराजीने ती कपड्यात गुंडाळून बाहेर आणली. आमच्याकडे बाळाची नाळ अंगणात पुरतात आणि वर झाड लावतात. हिंदू असो की कथबर्टसारखे चर्चला जाणारे, यात सगळे एक. उन्हाने जमीन दगडासारखी झाली होती आणि इथे आयता खड्डा होता. धनराजीने त्यात नाळ ठेवली. कथबर्टने कोंब फुटलेला नारळ आणून वर लावला.

"माझी नाळ माझ्या आजीच्या विलायती फणसाखाली आहे," तो म्हणाला. "ते झाड अजून उभं आहे. लोक म्हणतात, म्हणूनच मी मरत नाही."

"मरू नका इतक्यात. पाण्याचा नळ येईपर्यंत तरी मरू नका," धनराजी म्हणाली.

नळ येईना. रस्ता येईना. पावसात गुडघाभर चिखल होई. चांदनी चालायला लागली, बोलायला लागली आणि कथबर्टच्या खांद्यावर बसून शाळेत जाऊ लागली. दर वर्षी बजेटाच्या दिवशी मात्र आमच्या अंगणात जत्रा भरे. कथबर्ट रेडिओ माझ्या बांबूला टांगायचा, कारण तिथे आवाज स्वच्छ यायचा. धनराजी डाळीची फुलोरी, म्हणजे गोल भजी, तळायची आणि कच्च्या आंब्याची चटणी करायची. सगळी वस्ती जमायची. मंत्री लांबलचक वाचायचे. शाळा, दवाखाने, पूल, भात आणि साखर झाली की गृहनिर्माण यायचे. त्या वेळी कुणी चावतसुद्धा नसे.

"या वर्षी नक्की," कथबर्ट म्हणायचा.

एका वर्षी पैसे भातशेतीच्या पंपांकडे गेले. एका वर्षी दुसऱ्या वस्तीला मिळाले. "आपलं नावच धीर आहे, त्यांना वाटतं आपल्याला चालतंय," असे धनराजी म्हणाली आणि उरलेली फुलोरी सगळ्यांना बांधून दिली.

आणि मग एका वर्षी रेडिओतून आमचे नाव आले. पेशन्स वस्ती, रस्ते, चर आणि नळासाठी संपूर्ण तरतूद. कथबर्टच्या हातची फुलोरी खाली पडली. तो नाचला. धनराजीही नाचली आणि मग माझ्या पायाशी डोके टेकून राहिली. मीही आनंदलो, पण लगेच मला नारळाखालचा माझा खड्डा आठवला.

कारण मोजणीदार येणार होता.

कागद फिरत फिरत नोव्हेंबर उजाडला, तेव्हा महामंडळाची मोजणीदार आली. ओनिका तिचे नाव. तरुण, डोक्याला रुमाल, पायात लांब बूट आणि तोंडाने सारखे गुणगुणणारी. ती दिवसभर गवतात फिरली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"इथे एवढे खुंटे ठोकले होते. एकही नाही? गेले कुठे?"

सगळी वस्ती आभाळाकडे बघू लागली. कथबर्ट ढग मोजू लागला.

ओनिकाने मग सगळ्यांना बसवून सांगितले. हा पैसा याच वर्षाचा आहे. डिसेंबर संपायच्या आत काम सुरू झाले नाही, तर तो सरकारी तिजोरीत परत जाईल. जुनी मूळ खूण सापडली तर चार दिवसांत आखणी होईल. नाही सापडली तर सगळी मोजणी पहिल्यापासून करावी लागेल आणि तोवर वर्ष संपेल. पुन्हा पैसा कधी येईल, हे तिला सांगता येणार नव्हते.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "वस्तीच्या तोंडाशी पाटी आहे, वाचली असेल. मूळ खूण जो नष्ट करील, त्याचा प्लॉट रद्द. हा नियम मी केलेला नाही."

धनराजी तिच्यासाठी लिंबाचे सरबत घेऊन आली. ओनिका ग्लास घ्यायला वळली आणि तिची नजर माझ्यावर पडली. तिने झेंडूची माळ बाजूला केली. अंगठ्याने शेंदूर पुसला. नंबर दिसला.

"अरे देवा! आंटी, हा तर आमचा खुंटा! मूळ कोपरा! तुम्ही याला इतकी वर्षं जपलंत?" तिने आनंदाने धनराजीला मिठीच मारली.

सरबत सांडले. धनराजीचा चेहरा पांढरा पडला. ज्याला ती इतकी वर्षे हात जोडत आली होती, तो सरकारी खुंटा होता. आणि तो तिने हलवला होता.

ओनिकाने लगेच कोकरपासून माझ्यापर्यंत दोरी ताणली. दोरी कथबर्टच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेली आणि मागच्या दारातून बाहेर आली. म्हणजे त्याचे अर्धे घर रस्त्यात. ओनिकाने पुन्हा मोजले. "अंतरात वीतभर फरक येतोय," ती पुटपुटली. "मोजणीची जुनी साखळी उन्हात ताणली असेल." मी बाजूला सरकलो होतो, लांब नव्हे, म्हणून फरक तेवढाच होता. तिला ते खटकत होते, हे मला दिसत होते. पण डिसेंबर तोंडावर होता.

कथबर्टने दोरीला बोट लावून बघितले. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "चला, सगळ्यांच्या दारात रस्ता येणार. माझ्याकडे थेट चुलीपर्यंत येतोय. सरकारने फारच मनावर घेतलं."

कुणी हसले नाही. मी ओरडत होतो, मित्रांनो. ही माझी जागा नव्हे, असे लाकडाच्या प्रत्येक रेषेतून ओरडत होतो. पण कुणाला ऐकू जाणार?

त्या संध्याकाळी धनराजीच्या घरातून डाळ करपल्याचा वास आला. तिची डाळ कधी करपत नसे. दिवा घेऊन ती माझ्यापाशी आली आणि पायरीवर बसली.

"तू देव नाहीस, आता कळलं मला," ती हळूच म्हणाली. "पण इतकी वर्षं ऐकलंस ना माझं, तर आजही ऐक. बोलले तर माझा प्लॉट जाईल. लेकीला, नातीला कुठे नेऊ मी? आणि गप्प बसले तर त्याचं घर जाईल. माझ्या चांदनीला खांद्यावर बसवून शाळेत नेतो तो माणूस. सांग ना, काय करू?"

मग तिने दिव्याची वात सारखी केली आणि उठली. उठताना तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. मला उपटायचे ठरवले, त्या दिवशी तो तसाच दिसला होता.

सकाळी ओनिका आली, तेव्हा धनराजी साडी नेसून, डोक्यावर ओढणी घेऊन वाटेत उभी होती. पूजेच्या दिवशी नेसायची ती.

"बेटी, दोरी सोड. खुंटा मी हलवलाय. झंडी समजून हलवला. तो तिथे होता." तिने रस्त्याच्या कडेच्या नारळाकडे बोट दाखवले. त्याला त्या वर्षी पहिल्यांदाच फळ धरले होते. "त्या खड्ड्यात माझ्या नातीची नाळ आहे. आता काय रद्द करायचं ते कर."

मग कथबर्ट पुढे आला. "मिस, बाईंचा प्लॉट जाणार असेल, तर रस्ता माझ्या चुलीवरूनच जाऊ द्या. आणि रद्दच करायचं तर आधी माझा करा. लहान खुंट्यांवर मी अख्खा हंडाभर कुक-अप भात शिजवलाय. याच बाईंनी खाल्लाय."

"मीठ कमी होतं," धनराजी रडत रडत म्हणाली.

"आणि हा खुंटा मीच ओढून काढला. शेजारीणबाई नुसत्या फूल वाहत होत्या."

ओनिकाने फावडे मागितले. नारळाच्या एका अंगाला, मुळांना न दुखवता, ती स्वतः खणू लागली. नाळेच्या बाजूला तिने हात लावला नाही. थोड्याच वेळात काचेचा आवाज झाला. तिने मातीतून तपकिरी बाटलीचे बूड काढले, पुसले आणि नाकाला लावून बघितले.

"मिस्टर ऑस्वल्ड," ती हसली. "आमच्याकडे सगळे ओळखतात. त्यांच्या प्रत्येक खुणेखाली रमच असते."

मग तिने कोकरपासून नारळापर्यंत फीत लावली. वीतभराचा फरक गेला. दोरी कथबर्टच्या घराला न शिवता बाहेरून सरळ निघाली. कथबर्टने टोपी काढली आणि ती हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि ते तो पुसतही नव्हता.

"आणि माझा प्लॉट?" धनराजीने विचारले.

"पाटीवर लिहिलंय, खूण नष्ट करणाऱ्याचा प्लॉट रद्द," ओनिका म्हणाली. "खूण कुठे नष्ट झालीय, आंटी? ही काय उभी आहे. हिला नारळ लागलेत. साहेबांना मी हेच सांगणार आणि त्यांना पटलं नाही तर त्यांना इथे घेऊन येणार. त्यांची नाळ कुठे पुरलीय तेही विचारू."

साहेबांना यावे लागले नाही. मूळ खूण म्हणून त्या जागी सिमेंटचा खांब बसवायचा असतो, पण नाळेचे झाड तोडायला अख्ख्या महामंडळात कुणी तयार होईना. शेवटी नारळालाच पत्र्याचा बिल्ला मारून सरकारी खूण ठरवले. डिसेंबर संपायच्या आत यंत्रे आली. पैसा परत गेला नाही. नाताळात कथबर्टने पेपरपॉटचे, म्हणजे नाताळच्या मांसाच्या रश्श्याचे, मोठे पातेले चढवले आणि या वेळी सरपण विकत आणले. आज पेशन्समध्ये रस्ता आहे, चर वाहतात, नळाला पाणी येते. रस्ता आमच्या कोपऱ्यावर नारळाला वळसा घालून जातो. नवखे लोक विचारतात की इथे वाकडे का झाले. जुने लोक सांगतात, आणि सांगताना चहा पाजतात.

माझे काय झाले म्हणता? ओनिका मला परत न्यायला आली होती. धनराजीही म्हणाली, "सरकारी वस्तू आहे, ने बेटी." पण तिने म्हणताना माझ्यावर हात ठेवला होता. ओनिकाने तो हात बघितला, मला दोनदा हलवल्यासारखे केले आणि "फार खोल गेलाय, निघत नाही," असे म्हणून निघून गेली. मी अजून पायऱ्यांजवळ आहे. लाल झंडी माझ्या खांद्यावर आहे. आता धनराजी मला हनुमान म्हणत नाही, पण फूल चुकवत नाही.

मला वाईट वाटत नाही का? वाटते कधी कधी. "हलायचं नाही" असे मला सांगितले होते आणि ते पाळले त्या नारळाने. पण परवा शाळेत बाईंनी विचारले, तू कुठे राहतेस. चांदनी म्हणाली, "जिथून सगळ्यांची घरं मोजतात, तिथे." तिने घरी येऊन ते आजीला सांगितले आणि मी पायरीशी उभा राहून ऐकले. अख्ख्या पेशन्सची दारे-खिडक्या त्या पोरीच्या नाळेपासून मोजलेली आहेत. मग माझी जागा नारळाने घेतली याचे मला फारसे दुःख उरले नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुठे गवतात एखादा खुंटा असेल. रंग उडालेला, कलंडलेला, कुणी न विचारणारा. त्याला गुरे बांधू नका, त्याला चुलीत घालू नका. पैसा आज नसेल, उद्या येईल, आणि आला की पहिल्यांदा त्याला शोधेल. कुणीतरी त्याच्या भरवशावर आपल्या घराचा दरवाजा कुठे असेल ते मनात ठरवून बसलेले असते.

आणि समजा चुकून उपटलाच, तर तो खड्डा रिकामा ठेवू नका.